आईचे रशियन मामंजी

माझ्या आईने लग्न केलं भिवंडीतल्या एका पोस्टमनशी, आणि काही वर्षांनी तिला आडनाव लागलं एका रशियन मुत्सद्द्याचं. यात तिचा काही दोष नव्हता. ती तेव्हा मला पाळण्यात झोके देत होती आणि वडिलांनी परस्पर राजपत्रात जाहिरात देऊन टाकली होती. कळलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ह्यो कोन? तुमच्या हापिसात हाय का?"

वडील म्हणाले, तो मरून बरीच वर्षं झाली.

"मंग बरं हाय," आई म्हणाली. "मेलेला मानूस जेवायला यायचा न्हाय."

त्या दिवसापासून ती त्या रशियनाला 'आमचं मामंजी' म्हणते. ज्याच्याकडून नवऱ्याला आडनाव आलं तो आपला सासरा, असा तिचा सरळ हिशोब.

ते आडनाव मी इथे लिहीत नाही. सगळ्या ठाणे जिल्ह्यात ते एकाच घराला आहे. लिहिलं तर पुढचं वाचायचं सोडून कुणीतरी थेट आमच्या दारात उभं राहील आणि आईला चहा टाकावा लागेल.

आमचं जुनं आडनाव गावाने दिलेलं होतं. पणजोबांचा एक पाय अधू होता. ते रस्त्याने निघाले की पोरं मागून तसंच चालून दाखवायची. त्या चालीला गावात एक शब्द होता. तो आधी पणजोबांना चिकटला, मग आजोबांना, मग तलाठ्याच्या दप्तरात आणि शेवटी वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर आला. आजोबांचे दोन्ही पाय धडधाकट होते. वडिलांनी तर निम्मं आयुष्य पत्रं वाटत चालण्यात काढलं. तरी आडनाव लंगडंच.

वडिलांची बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, भिवंडीच्या निजामपुऱ्यात होती. तिथल्या गल्ल्यांत लूमच्या खडखडाटापुढे सायकलची घंटा ऐकू यायची नाही, म्हणून ते दारात उभे राहून नाव पुकारायचे. दिवसभर दुसऱ्यांची पूर्ण नावं ओरडून सांगणं हेच त्यांचं काम. निजामपुऱ्यात त्यांना पाणी मागावं लागत नसे, पेला आपोआप पुढे यायचा. पण मधूनमधून दुसऱ्या बीटवर बदली ड्युटी लागायची, आणि तिकडच्या काही घरांत पाण्याआधी एक प्रश्न यायचा. "पोस्टमन, तुमचं पूर्ण नाव काय हो?" नुसतं नाव सांगून भागत नसे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर गाव. उलगडा झाला की पाणी कधी पेल्यातून यायचं, कधी वरून ओंजळीत, आणि कधी घरातलं पाणी नेमकं संपलेलं असायचं.

एस.टी. स्टँडजवळ त्या काळी रशियन पुस्तकांचं प्रदर्शन भरायचं. जाड गुळगुळीत कागद, कापडी बांधणी आणि किंमत भेळेएवढी. वडिलांनी तिथून एक इतिहासाचं पुस्तक आणलं. त्यात हा माणूस त्यांना भेटला. खेड्यातल्या गरीब पुजाऱ्याचा मुलगा, आणि घराण्याला आडनावच नाही. शाळेत घालायला नेला तेव्हा तिथे त्याला एक आडनाव देऊन टाकलं. त्याचा अर्थ आशा असा काहीतरी होता. पुढे हा पोरगा झारचा उजवा हात झाला. राजालाही कायद्याने बांधावं अशी योजना त्याने लिहून काढली. सरकारी अंमलदाराला बढती हवी तर परीक्षा द्यावी लागेल असा नियम काढला. त्यावर सगळे सरदार-जहागीरदार चवताळून उठले. शेवटी झारने त्याला राजधानीतून हाकलून दिलं. कित्येक वर्षांनी परत बोलावलं तेव्हा हा बसला आणि देशातले सगळे विखुरलेले कायदे गोळा करून त्याने ओळीने लावले.

वडील खात्याची परीक्षा देऊन पोस्टमन झाले होते. त्याआधी ते पोस्टातल्या गोण्या उचलत. त्यामुळे परीक्षेचा भाग त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला की, झारच्या दरबारातले लोक टपाल खात्याच्या पेपरात नापास झाले अशीच माझी लहानपणी समजूत होती. आमच्या भिंतीवर निळ्या कोटातल्या आमच्या कायदेपंडितांचा फोटो होता. वडिलांच्या लेखी कायदा लिहिणारी सगळी माणसं एकाच गावची. नातेवाइकांनी विचारलं, बदलायचंच होतं तर त्यांचं आडनाव का नाही घेतलं? वडील म्हणाले, "त्यांचं लावायचं तर तेवढं काम करून दाखवावं लागेल. ह्याचं लावलं तर हिशोब विचारायला इथे कोण येणार आहे?"

हिशोब विचारायला नाही, पण बाकी सगळं विचारायला लोक आले. पोस्टात त्यांना 'कॉम्रेड' म्हणू लागले. वडील चिडून सांगायचे की हा झारच्या पदरचा माणूस, कॉम्रेडांच्या कितीतरी आधीचा. कोणी ऐकत नसे. निजामपुऱ्यातला एक लूममालक रोज विचारायचा, "डाकिया साहब, रूस में भी पावरलूम है क्या?"

"है," वडील म्हणायचे, "लेकिन उधर का सेठ इतना सवाल नहीं पूछता."

शाळेत एका बाईंनी मला नाताळात केक आणायला सांगितलं. आईने शिरा करून दिला. बाईंनी तो रशियन पदार्थ म्हणून आवडीने खाल्ला.

पण या सगळ्या गमतीच्या शेवटी एक वाक्य हमखास यायचं. "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" आणि वडील जणू त्याचीच वाट पाहत असायचे. पिशवी खांद्यावरून खाली ठेवून ते स्वच्छ आवाजात सांगायचे, "बौद्ध. इथलेच. अजून काही विचारायचंय?" विचारणाऱ्याला मग अचानक काम आठवायचं. जुन्या आडनावाने हा प्रश्न कधी तोंडावर आला नव्हता. लोक गावाकडून, चालीवरून, कुजबुजीतून काढून घ्यायचे. रशियन आडनावावर कुजबुज चालत नसे. तोंड उघडून विचारावंच लागे, आणि मग उत्तरही उघड मिळे.

मी मोठी झाले आणि शाळेत इतिहास शिकवू लागले. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने आपल्या घरातल्या थोर पुरुषांना मोकळं सोडणं बरं नव्हे. ठाण्याच्या वाचनालयात मला एक जाडजूड पुस्तक मिळालं आणि त्यात मामंजींचं उत्तरायुष्य सापडलं. तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं होतं. मामंजींनी तरुणपणी जे कागदावर मांडलं, साधारण तेच ते मागत होते. बंड फसलं. त्यांना शिक्षा ठरवणाऱ्या न्यायासनावर मामंजी बसले होते, आणि कुणाचा गुन्हा किती मोठा याच्या पायऱ्या त्यांनीच नीट पाडून दिल्या. काही जण फासावर गेले. बाकीचे सैबेरियात.

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. हातातली शेंग त्यांनी सोलून संपवली.

"वाईट वाटलं का त्याला?" त्यांनी विचारलं.

"रडला होता म्हणतात."

"आणि सही केली?"

"केली."

"म्हणजे सरकारी नोकर," वडील म्हणाले आणि पुढची शेंग घेतली.

त्यानंतर त्यांनी झारच्या दरबाराच्या गोष्टी सांगणं कमी केलं. आडनाव मात्र दारावर होतं तिथेच राहिलं.

हे झालं आणि पुढच्याच वर्षी माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. विहारातल्या ओळखीतून स्थळ आलं होतं. मुलगा भिवंडीजवळच्या पूर्ण्याला एका गोदामात डिस्पॅच सांभाळायचा. तेव्हा पूर्ण्याच्या भातखाचरांवर दर पंधरवड्याला गोदामाचा नवा पत्रा चढत होता आणि साध्या गुरख्याच्या टोपीवरही इंग्रजी अक्षरं आली होती. त्याला मी आधी दोनदा ठाण्याला तलावपाळीवर भेटले होते. तो कमी बोलायचा, पण बोलायचा ते ऐकावंसं वाटायचं. मला 'मॅडम' म्हणायचा, ते आधी आदराने आणि नंतर चिडवायला. तो मला आवडला होता. हे स्पष्ट सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मला गमवायला काही नव्हतं असं कुणाला वाटू नये.

त्याचे वडील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. ठाण्यात एका सोसायटीत राहत. दारावर पितळी पाटी, पाटीवर नाव, नावाखाली हुद्दा, हुद्द्यापुढे कंसात 'निवृत्त'. आडनावाच्या शेवटी 'कर'. तेही बदललेलं होतं. मुलानेच मला सांगितलं, "बाबांनी ते गाव नकाशावर बघितलंय. एकदा एस.टी.तून जाताना पाटी दिसली तर आम्हाला म्हणाले, बघा रे, आपलं गाव. गाडी थांबली नाही."

बघायच्या कार्यक्रमाला ते उशिरा आले. कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. भर उन्हात ब्लेझर घातलेला होता आणि तो काढावा असं त्यांना आमच्या घरी शेवटपर्यंत वाटलं नाही. आईने पंखा वाढवला. त्यांनी खिशातून कार्ड काढून वडिलांना दिलं. वडिलांनी ते सवयीने आधी उलटून मागची बाजू पाहिली.

"तुमचं आडनाव जरा वेगळं आहे," ते म्हणाले.

"हो."

"रशियन म्हणे."

"हो."

"पण आपण तर रशियन नाही."

"अजून तरी नाही," वडील म्हणाले.

मुलगा खाली बघून हसला. त्याचे वडील हसले नाहीत. पोहे घेता घेता म्हणाले, की आमच्या सोसायटीत सगळे सुशिक्षित लोक आहेत, पण काय होतं, असं नाव दिसलं की माणसं विचारत बसतात. उगाच विषय निघतो. पत्रिकेत काहीतरी तोडगा काढता येईल.

"कशावर तोडगा?" वडिलांनी विचारलं.

"बघू, बघू," ते म्हणाले. हाताखालच्या कारकुनाने अडचणीची फाईल पुढे ठेवल्यावर ते असंच म्हणत असणार.

तोडगा महिन्याभराने घरी चालत आला. एका रविवारी ते न सांगता आले, ब्लेझर तोच, एका हातात पेढ्यांचा खोका आणि दुसऱ्यात पत्रिकांची थप्पी. पत्रिका जाड होती, सोनेरी अक्षरांची. वर बुद्धाचं चित्र, खाली दोन्ही घरांची नावं. त्यांच्याकडचे हुद्दे चार ओळींत मावले नव्हते. आमच्या बाजूला एकच ओळ होती, आणि त्या ओळीत वडिलांच्या नावापुढे पणजोबांचा अधू पाय छापलेला होता.

"मी स्वतः तुमच्या गावी जाऊन चौकशी केली," ते म्हणाले. आवाजात उपकार होता. "मूळ आडनाव टाकलं. बघा, कसं ओळखीचं वाटतं. हे आडनाव सगळ्या जातींत सापडतं. कुणी काही विचारणार नाही."

आई दारात उभी होती. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "आवो, ह्ये नाव टाकून द्यायला आमच्या मानसानं किती वरसं घालवली म्हायती हाय का?"

"त्यांना कळेल, ताई. सरकारी माणूस आहे."

वडिलांनी चष्मा लावला. पत्रिका लिफाफ्यातून काढली, पूर्ण वाचली, घडी होती तशी घातली आणि परत लिफाफ्यात सरकवली. मग शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढलं. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण पेन काही निवृत्त झालं नव्हतं. आयुष्यभर त्यांनी एक नियम पाळला. रजिस्टर्ड पत्र ज्याच्या नावाचं असेल त्याच्याच हातात द्यायचं. नाव जुळत नसेल तर समोरचा माणूस रोजच्या बघण्यातला असो, लूममालक असो नाहीतर मशिदीचा मौलवी, पत्र द्यायचं नाही, लिफाफ्यावर शेरा मारून परत पाठवायचं. यावरून त्यांनी अर्ध्या निजामपुऱ्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

त्यांनी लिफाफ्यावर शेरा लिहिला. या नावाची व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. पाठवणाऱ्यास परत. खाली सही केली, तारीख घातली आणि लिफाफा दोन्ही हातांनी पुढे केला.

मुलाचे वडील लिफाफ्याकडे बघत राहिले. "हे काय?"

"टपाल."

"मी तुमचा व्याही आहे हो!"

"म्हणून तर तिकीट लावायला सांगितलं नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. ब्लेझरच्या आतल्या खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. सायबर कॅफेतून काढलेली प्रिंट होती. ते तयारीनेच आले होते. "मग हेही वाचा. तुमचा तो थोर रशियन. बंडखोर पोरांना फासावर देणाऱ्यांत होता. अशा माणसाचं नाव दाराला लावून बसलात आणि मला शिकवता?"

"माहीत आहे," वडील म्हणाले. "पोरीने सांगितलंय."

"आणि तरी?"

"तरी. त्याने जे केलं ते त्याच्या खात्यावर. आडनाव त्याचंही नव्हतं. त्यालाही दुसऱ्याने दिलेलं. मी त्याच्या घराण्यात दत्तक गेलो नाही, त्याच्यासारखा कोरा होतो म्हणून घेतलं. तुम्ही बदललंत ते कुणी विचारू नये म्हणून. मी बदललं ते विचारावं म्हणून. एवढाच आपल्यात फरक आहे, आणि तो पत्रिकेत मावणार नाही."

ते उठले. आई म्हणाली, "आमच्या मामंजींचं आमी बघून घेऊ. तुमी चहा तर घेऊन जा." पण ते पायऱ्या उतरले होते. पेढे विसरले. आम्ही ते संध्याकाळी खाल्ले. चांगले होते.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. मी शाळेत होते, तरी बाहेर जाऊन घेतला. त्याचा आवाज थकलेला होता. म्हणाला, अर्ध्या पत्रिका वाटून झाल्यात. म्हणाला, एक शब्दच तर आहे. मी म्हटलं, फोनवर नको. शाळा सुटल्यावर रिक्षाने पूर्ण्याला गेले. गोदामाच्या फाटकाबाहेर एकामागे एक ट्रक उभे होते, ड्रायव्हर सावलीला बसून स्टोव्हवर भाजी करत होते. तो हातात पॅड घेऊन बाहेर आला. आम्ही एका ट्रकच्या आडोशाला उभे राहिलो.

"मॅडम, थोडं समजून घ्या," तो म्हणाला. चिडवायचा सूर नव्हता. "कार्ड कोण ठेवतं? लग्न झालं की रद्दीत. आणि लग्नानंतर तसंही तुला आमचंच आडनाव लागणार."

"लागणार नाही."

तो थांबला. "हे कधी ठरलं?"

"आत्ता."

खरंच तेव्हाच ठरलं होतं. त्याआधी मी तसा विचारही केला नव्हता. आमच्यात मुली नाव बदलतात, मीही बदललं असतं, बहुतेक कंटाळा करत. पण त्याने ते इतक्या सहज सांगितलं, जणू माझं नाव म्हणजे परत करायचा प्लॅस्टिकचा रिकामा कॅरेट.

"तुझ्या बाबांनी ते गावाने लादलेलं छापलं," मी म्हटलं, "आणि तू नकाशातलं लावणार. माझ्या वडिलांनी पुस्तकातून का होईना, निवडून घेतलं. मला निवडलेलं हवंय. पत्रिका मागे घ्यायच्या आणि माझं नाव माझ्याकडे राहणार. हे चालत असेल तर लग्न, नाहीतर आत्ताच सांग, मला परतीची रिक्षा मिळायला हवी."

मी रडले नाही. रडायला आलं होतं, पण समोर चार ड्रायव्हर वांगी कापायची थांबवून ऐकत होते. त्यातला एक म्हणाला, "मैडम सही बोल रही हैं, साब."

त्याने पॅडवरचा कागद उगाच उलटला. मग विचारलं, "तो रशियन माणूस चांगला होता का गं?"

"अर्धा."

"माझे बाबाही अर्धेच आहेत," तो म्हणाला. "पण माझे आहेत. मी त्यांना सोडणार नाही."

"सोड म्हटलं का मी?"

"नाही. मग ठीक आहे. पत्रिका मी गोळा करतो. डिस्पॅचचं कामच आहे माझं, गेलेला माल परत आणायची सवय आहे."

आठ दिवस तो स्कूटरवर हिंडून पत्रिका परत आणत होता. लोकांना काय सांगायचा ते त्याने मला कधी सांगितलं नाही. घरी बापलेकांचं काय बोलणं झालं तेही नाही. एवढंच कळलं की त्याचे वडील शेवटी नोंदणी पद्धतीला तयार झाले, आणि तेही एका हिशोबाने. पत्रिका नाही, मांडव नाही, म्हणजे कुठे काही छापलं जाणार नाही. छापलं नाही तर कुणी वाचणार नाही. वाचलं नाही तर कुणी विचारणार नाही. ते सहीला आले, ब्लेझर घालून, आणि माझ्या वडिलांपासून दोन खुर्च्या सोडून बसले.

पण सोसायटीने त्यांना सुटू दिलं नाही. साहेबांच्या मुलाचं लग्न झालं आणि आम्हाला जेवण नाही, असं चालेल का? शेवटी सोसायटीच्या हॉलमध्ये एक छोटा समारंभ ठेवावा लागला. छोटा म्हणजे व्यासपीठ, माइक, मागे आम्हा दोघांचा भला मोठा फ्लेक्स. त्या फ्लेक्सवर आडनावं नव्हती. सासऱ्यांनी नुसती पहिली नावं घातली होती, मधोमध बदाम काढून. मला वाटलं, आमचे रशियन मामंजीही इतके मुरलेले मुत्सद्दी नसतील.

माझे आईवडील पहिल्या रांगेत बसले होते. जेवण सुरू झालं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आमच्यापाशी आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"गोड आहेस गं. पूर्ण नाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"हे लग्नाआधीचं का?"

"आधीचं आणि नंतरचंही."

"अगंबाई. असं कुठलं गं हे? गोव्याकडचं?"

"भिवंडी."

"नाही, तसं नव्हे. म्हणजे, तुम्ही कोण?"

सासरे शेजारीच होते. त्यांनी कुणालातरी हाक मारल्यासारखं केलं, पण त्या बाजूला कुणी नव्हतं. मला त्यांची दया आली, हेही खोटं नाही. पण प्रश्न मला विचारला होता, आणि आमच्या घरी या प्रश्नाला एकच उत्तर होतं.

"बौद्ध," मी म्हटलं.

काकूंच्या मागे सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा! साहेब, एवढी मोठी गोष्ट आणि तुम्ही बोलला नाहीत? आंतरजातीय! आपल्या सोसायटीत पहिलंच!" आणि कुणी अडवायच्या आत ते माइकपाशी पोचले. साहेबांचं मोठं मन, जातीपातीच्या भिंती, पुरोगामी विचार, एका गरीब घरातल्या मुलीला पदरात घेणं. टाळ्या झाल्या. ठेवणीतली शाल आणि नारळ कुणीतरी कपाटातून आणला. सोसायटीत हा जोड कायम तयार असतो, कधी कुणाचा सत्कार करावा लागेल सांगता येत नाही. "साहेबांनी दोन शब्द बोलावेत."

माझ्या वडिलांनी ताट मांडीवर ठेवलं. आणि ते व्याह्यांकडे बघत राहिले.

सासरे माइकसमोर उभे होते. खाली मान घालून मान्य केलं असतं तर विषय तिथेच संपला असता. वर थोर ठरले असते, सोसायटीत आणखी पंधरा वर्षं निर्धास्त काढता आली असती. माझ्या नवऱ्याने माझा हात धरला होता आणि तो चांगलाच दुखत होता.

"धन्यवाद," सासरे म्हणाले. मग घसा साफ केला. "पण सेक्रेटरीसाहेबांचा गैरसमज झालाय. हे लग्न आंतरजातीय नाही. आम्हीही बौद्ध आहोत. पहिल्यापासून. आणि मुलगी गरीब घरातली नाही. तिचे वडील पोस्टात होते."

पोस्टाचा मुद्दा का घातला ते त्यांनाच माहीत. हॉलमध्ये वाढप्याचा चमचा पातेल्याला लागल्याचा आवाज आला. काकू "असं होय, असं होय" म्हणत आपल्या ताटाकडे गेल्या. ताट त्यांनी उचललं, पण पुढे जेवल्या नाहीत. मागच्या रांगेतलं एक कुटुंब निघालं. बाकीचे बसून राहिले, काही खरोखर जेवायला, काही पुढे काय होतंय ते बघायला. सेक्रेटरी शाल उघडून उभे होते. ती पांघरावी की घडी घालून ठेवावी याबद्दल सोसायटीच्या नियमांत काही नसावं.

सासऱ्यांनी हात पुढे केला. "द्या ना," ते म्हणाले. सेक्रेटरींच्या हातातून त्यांनी शाल घेतली, ब्लेझरवरून स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि पायऱ्या उतरून आले. माझ्या वडिलांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यात बसले. वडिलांनी पाय थोडे आत घेतले, त्यांना जागा व्हावी म्हणून. दोघेही समोर बघत होते.

आई पलीकडून वाकली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शाल घेतली, पन नारळ ऱ्हायला की वो तिकडं!"

सासरे उठले, परत व्यासपीठावर गेले आणि नारळही घेऊन आले.